ड्रायव्हरच्या कोटाचं तिसरं बटण

एका खुनाचा उलगडा माझ्या हातून पुसला गेला, आणि तो उलगडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय असं मी पुढची पस्तीस वर्षं सांगत राहिलो. वाचकांनी घाबरू नये. खून सिनेमातला होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. पण ज्यांच्याशी मी खोटं बोललो ते गृहस्थ खरे आहेत आणि यंदा त्यांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस झाला. त्या दिवशी जे घडलं ते ऐकून माझी बायको शैला म्हणाली, "आता लिहूनच टाका, म्हणजे एकदाचे मोकळे व्हाल आणि मलाही झोपू द्याल." दिवाळी अंकात कबुलीजबाब छापतात की नाही मला माहीत नाही. छापला तर आभारी आहे.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायचो. दुकानाला नाव होतं, पाटी होती, पण चहूबाजूंना सिंधी व्यापारी, त्यामुळे अख्ख्या मार्केटात मी 'मराठी कॅसेटवाला'. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात आणि मी बदलापूरला बेलवलीत राहतो. आजच्या पोरांना हा धंदा समजावायचा म्हणजे पंचाईत होते. सिनेमा एका डब्यात असायचा, तो डबा घरी न्यायचा, बघायचा आणि परत आणून द्यायचा, असं सांगितलं की ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. तरी सांगतो. विटेपेक्षा थोडी लहान अशी ती कॅसेट, आत टेपची दोन चाकं. टेप डावीकडून उजवीकडे गुंडाळली जाते. संपली की उलटी फिरवून परत पहिल्या जागी आणायची, त्याला रिवाइंड म्हणायचं. 'कृपया रिवाइंड करून द्यावी' असं मी चार ठिकाणी लिहून लावलं होतं आणि ते कोणीही पाळत नसे.

खरं सांगायचं तर ते पाळत नव्हते हेच मला आवडायचं. परत आलेली कॅसेट कुठे थांबलीय त्यावरून त्या घराची कळा समजायची. बाप कुठल्या गाण्याला उठून टीव्ही बंद करतो, पाहुणे कधी आले, सगळं त्या चाकांवर दिसायचं. अंबरनाथच्या एक शिक्षिका होत्या. कायम रडके सिनेमे न्यायच्या आणि प्रत्येक कॅसेट हिरोची आई खाटेवर पडली की तिथेच थांबलेली असायची. त्यापुढे बाई बघतच नसत. त्यांच्या लेखी हिंदी सिनेमातली एकही आई आजवर दगावलेली नव्हती.

माझा एक नियम होता आणि त्याची मला भारी घमेंड होती. नवी कॅसेट आली की आधी मी स्वतः ती पूर्ण बघायचो. मग तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारीक दात स्क्रू-ड्रायव्हरने मोडायचो. हा दात मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही, सिनेमा सुरक्षित. त्यानंतर नंबर चिकटवायचा आणि मगच ती फळीवर चढायची. काउंटरच्या वर मी पाटीच रंगवून घेतली होती: 'येथील प्रत्येक कॅसेट आम्ही स्वतः शेवटपर्यंत पाहून देतो.' या पाटीने पुढे माझा घात केला.

दादरची एक लायब्ररी बंद झाली तेव्हा तिचा उरलासुरला माल मी उचलला. त्यात 'सातवीं सीढ़ी' नावाचा एक जुना सिनेमा होता. ब्लॅक अँड व्हाइटला आमच्याकडे काळं कुत्रं विचारत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. दुकानात दोन व्हीसीआर होते, वर एक आणि खाली एक. खालच्यात मी हा सिनेमा लावला आणि गिऱ्हाइकं सांभाळत तुकड्यातुकड्याने बघायला लागलो.

गोष्ट साधी होती. एक मोठा बंगला, त्यात एक लांबलचक जिना. बंगल्याचा मालक जिन्याच्या सातव्या पायरीवर मरून पडलेला सापडतो. संशय तिघांवर: त्याची बायको, त्याचा डॉक्टर आणि त्याचा ड्रायव्हर. तिघंही खोटं बोलतात आणि तिघांचे चेहरे कायम अर्धेच उजेडात असतात. शेवटी इन्स्पेक्टर तिघांना त्याच जिन्यापाशी उभं करतो. बायको पर्समधून रिव्हॉल्व्हर काढते, ते कोणावर रोखलंय ते दिसत नाही, फक्त भिंतीवर तिची सावली दिसते. आणि नेमका तेव्हाच सोनिवलीचा एक शेतकरी घाईघाईने दुकानात शिरला.

त्याच्या मुलीच्या हळदीची कॅसेट होती. मामाला देण्यासाठी तिची कॉपी करून हवी होती, मामा बाहेर रिक्षात बसला होता. मी सिनेमा थांबवला, हळदीची कॅसेट वरच्या मशीनमध्ये घातली आणि खालच्या मशीनचं रेकॉर्डचं बटण दाबलं. माझ्या डोक्यात खाली कोरी कॅसेट होती. टीव्हीवर हळद लागत होती, वाजंत्री वाजत होती, करवल्या नाचत होत्या, मी आणि तो शेतकरी चहा पीत मजेत बघत होतो. हळद संपली. खालची कॅसेट बाहेर काढली आणि तिच्यावर 'सातवीं सीढ़ी' लिहिलेलं दिसलं.

दात शाबूत होता. मोडणार कसा? मी सिनेमा पूर्ण पाहिलेला नव्हता ना! म्हणजे नियम पाळला म्हणूनच सिनेमा गेला. मामाला दुसऱ्या कॅसेटवर कॉपी करून दिली, त्याचं काही अडलं नाही. माझा मात्र खुनी पळाला. दादरचा लायब्ररीवाला गावी निघून गेला होता आणि दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती. मी ती कॅसेट फेकून द्यायला हवी होती. पण कॅसेटवाल्याच्या हातून कॅसेट फेकली जात नाही, ती मी सगळ्यात खालच्या फळीवर सरकवून दिली.

एकदा बारवीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून कमळू नावाचा गडी टीव्ही-व्हीसीआरचा सेट भाड्याने न्यायला आला. पूजा होती, चार-पाच सिनेमे हवे होते. गणपतीचे दिवस, फळ्या रिकाम्या, मी नाइलाजाने ही कॅसेटही गठ्ठ्यात घातली. परत आणून देताना त्याला भीतभीतच विचारलं, "तो काळा-पांढरा कसा वाटला?"

"बेस होता," कमळू म्हणाला. "बाईनी बंदूक काढली, मंग येकदम रंगीत झाला आन् तिचा लगीन झाला. आमच्या म्हाताऱ्या लय खूश झाल्या. हलद पन मोप लावली."

आता मुख्य माणूस. समोरच्या लाइनीत बटण-चेनचं होलसेल दुकान होतं, त्याचे मालक दादा टेकचंद. मार्केटात सगळे त्यांना दादाच म्हणायचे. गोरेपान, बुटके, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण दोन बोटांत धरून बघायची सवय. नवखा माणूस बिचकायचा. दादांची शाळा चौथीत सुटली होती. धाकटे भाऊ शिकले, त्यातला एक वकील झाला, आणि दादा त्यांच्या फीसाठी बटणं विकत राहिले. याचं त्यांना वाईट वाटत नसे, पण घरात काही महत्त्वाचं बोलणं निघालं की सगळे वकील भावाकडे बघत, हे मात्र त्यांना लागायचं. मला म्हणाले होते एकदा, "मेरे से पूछते ही नहीं साईं. बोलते हैं, बटनवाला है, इसको क्या समझेगा."

दादांना फक्त काळे-पांढरे सिनेमे आवडत, त्यातही गुन्ह्याचे. कोणाला नको असलेला माझा सगळा माल त्यांनी बघून संपवला. मला तेव्हा या सिनेमांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळे इतके अंधारात का वावरतात, दिवा का लावत नाहीत, असं मी त्यांना एका दुपारी विचारलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि टीव्हीपाशी उभं राहून बोटाने दाखवायला लागले. खिडकीच्या पट्ट्यांची सावली माणसाच्या तोंडावर पडते तेव्हा तो गजाआड असल्यासारखा दिसतो. खरं बोलणाऱ्याचा चेहरा पूर्ण उजेडात असतो, खोटं बोलायला लागला की एक पाऊल मागे सरकतो आणि अर्धा तोंडवळा काळा होतो. सिगारेट पेटवतो ती ओढण्यासाठी नाही, काडीच्या उजेडात दुसऱ्याचं तोंड बघण्यासाठी. "कलर में सब दिखा देते हैं," दादा म्हणायचे, "इसमें तेरे को ढूंढना पड़ता है. मेरे को ढूंढने में मजा आता है." मी पुढे जन्मभर सिनेमा बघितला तो दादांनी त्या दुपारी दाखवला तसा.

आणि अशा माणसाच्या हाती एक दिवस 'सातवीं सीढ़ी' लागली. खालच्या फळीवरून त्यांनी स्वतःच शोधून काढली, मी दुकानात नव्हतो, शैला बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोच दादा हजर.

"अरे, आखिर में हल्दी है!"

मी घडला प्रकार सांगितला. दादा पोट धरून हसले. मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बघून म्हणाले, "लेकिन तूने तो पूरी देखी होगी."

त्या क्षणी 'नाही' म्हणायला काय जात होतं? पण वर पाटी, समोर मार्केटातला मोठा माणूस, आणि माझं वय तिशीचं. मी म्हणालो, "पाहिली की."

मी मनातल्या मनात शेवट जुळवायला लागलो, तर दादांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलना मत! मैं ढूंढूंगा."

मी सुटलो असं मला वाटलं. दादा दर आठ-पंधरा दिवसांनी ती कॅसेट नेत. त्यांच्या सगळ्या कॅसेटी रिवाइंड होऊन येत, हीच तेवढी कुठेतरी मध्येच थांबलेली असायची. मी मशीनमध्ये घालून बघायचो. कधी जिन्यावर, कधी गाडीपाशी. जिना, गाडी, जिना, गाडी. असं किती महिने चाललं आठवत नाही. या काळात इतर कोणी शेवट विचारला तर मी मूडप्रमाणे सांगायचो, एकाला बायको, एकाला डॉक्टर. गंगाराम न्हाव्याला तर मी इन्स्पेक्टरच खुनी सांगितला होता आणि त्याला तो फार पटला होता.

मग एका दुपारी दादा आले ते जवळजवळ धावतच. मला हाताला धरून टीव्हीपुढे नेलं. "लगा. जिन्यावाला सीन."

खुनाच्या आधीचा प्रसंग. ड्रायव्हर जिन्याखाली उभा आहे, अंगात गणवेशाचा कोट, पितळी बटणं. दादांनी चित्र थांबवलं. "गिन. कितने?"

"पाच."

"सब चमक रहे हैं?"

चमकत होते. मग खुनानंतरचा प्रसंग, ड्रायव्हर गाडीचं दार उघडतो. पुन्हा चित्र थांबवलं. बटणं पाचच. पण वरून तिसरं चमकत नव्हतं. बाकी चारांवर उजेडाचा ठिपका होता, तिसरं मुकं, काळपट.

"पीतल लाइट पकड़ता है, साईं. ये तो पीतल है ही नहीं. ये साधा कोट का बटन है, बाद में लगाया है. असली वाला टूटा! कहाँ टूटा? सातवीं सीढ़ी पे, मरनेवाले के हाथ में!" दादांचे डोळे भिंगांमागे ओलावले होते. "ड्रायवर है ना? बोल अब. ड्रायवर ही है ना?"

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. पण तो चेहरा समोर होता. मी म्हणालो, "दादा, तुम्ही कसं ओळखलंत? ड्रायव्हरच! शेवटी इन्स्पेक्टर खिशातून पितळी बटण काढतो आणि त्याच्या कोटाला लावून दाखवतो."

दादांनी मला मिठी मारली. त्या संध्याकाळी सगळ्या लाइनीत मिठाई वाटली गेली. शेवट न बघता, नुसत्या बटणावरून खुनी पकडणारा माणूस म्हणून दादा मार्केटात 'इन्स्पेक्टर दादा' झाले. वकील भावाने घरी बोलावून ती गोष्ट पहिल्यापासून ऐकली. पुढे घरात कोणाचं काही अडलं की दादांना विचारायला लागले, आणि दादा चष्मा पुसून म्हणायचे, "पहले बटन गिनो." हे सगळं माझ्या एका खोट्यावर उभं होतं. मी गंगारामला जाऊन सांगितलं की मागे मी चुकून दुसऱ्याच सिनेमाचा शेवट सांगितला होता, खुनी ड्रायव्हर आहे. त्याला ते आजतागायत पटलेलं नाही.

वर्षं गेली. सीडी आल्या, केबल आली, दुकान गेलं. दादांचे डोळे गेले, म्हणजे पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध एक डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी रोज दुकानात येऊन बसतात आणि बटणं बोटांनी ओळखतात. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांना भेटायला जातो. मधून मधून खरं सांगून टाकावं असं वाटायचं. पण सांगून उपयोग काय, सिनेमाचा शेवट तर जगात कुठे नाही, अशी मी माझी समजूत घालायचो.

यंदा दादांच्या नातीचा, हर्षाचा, फोन आला. "काका, गेस करा क्या मिला! दादांची सातवीं सीढ़ी. नेटवर पूर्ण प्रिंट आहे, एंड के साथ! बर्थडेला हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावतेय. सबको बुलाया है, वकील दादूपण येणार. दादांना सरप्राइज आहे. तुम्ही यायचंच हं, एंड तो सिर्फ आपने देखा है!"

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. शैलाने पाणी आणून दिलं आणि कोण गेलं ते विचारलं.

दुपारी मोबाइलवर आम्ही दोघांनी तो सिनेमा लावला. बायकोने रिव्हॉल्व्हर काढलं, भिंतीवर सावली पडली, आणि पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा मी त्यापुढची अकरा मिनिटं पाहिली. मला सारखं वाटत होतं की आता वाजंत्री सुरू होणार. खुनी डॉक्टर निघाला. विषारी इंजेक्शन दिलं होतं, मालक जिन्यावरून नंतर पडला. ड्रायव्हर बिचारा कोपऱ्यात उभा. बटणाचा कुठे उल्लेख नाही. कोटाचं बटण शूटिंगच्या वेळी तुटलं असणार आणि कपडेवाल्याने हाताला लागेल ते लावलं असणार, एवढाच त्याचा अर्थ. मी वेड्यासारखा डॉक्टरच्या कोटाची बटणं मोजली. डबल ब्रेस्टचा कोट, सहाच्या सहा जागेवर.

"तुम्ही सांगायचात त्यापेक्षा हा शेवट बरा आहे," शैला म्हणाली.

मी हर्षाला फोन करून सांगितलं की नेटवरच्या प्रिंटा बनावट असतात. ती म्हणाली, काका, चिल. मग थेट दादांना कबूल करायचं म्हणून मी कॅम्प दोनला गेलो. दुकानात पोचलो तर दादा एका शिवणकामवाल्या बाईंना सांगत होते, "...और तीसरा बटन लाइट नहीं पकड़ रहा था! ये आ गया ना कॅसेटवाला, इसको पूछो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, चहा प्यायलो आणि पुढच्या गाडीने बदलापूरला परत आलो.

वाढदिवसाच्या रविवारी सकाळी नवा शर्ट घालताना त्याचं एक बटण तटकन तुटून कुठेतरी गेलं. दुसरा शर्ट इस्त्रीचा नव्हता. शैलाने तिच्या डब्यातलं एक बटण शोधून घाईघाईने लावून दिलं. "जरा वेगळं आहे," ती म्हणाली, "पण तिथे तुमच्याकडे बघणार कोण?"

हॉल गच्च भरला होता. दाल-पकवान झालं, केक झाला, दुपारी पडदे ओढले गेले आणि हर्षाने सरप्राइज जाहीर केलं. नाव ऐकताच दादा उभेच राहिले. मग हाताने हवेत मला शोधत म्हणाले, "कॅसेटवाला किधर है? मेरे बाजू में बिठाओ. तू बोलना, मैं देखूंगा."

दोन तास मी दादांच्या कानात सिनेमा सांगितला. त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. "अब माचिस जलाएगा," ते आधीच म्हणायचे, आणि काडी पेटायची. जिन्याचा प्रसंग आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "पाच बटणं!" गाडीचा आला तेव्हा सगळा हॉल ओरडला, "तीसरा!" लहान लहान पोरांना ठाऊक होतं. दादा नुसते हसत होते. मी सिनेमा सांगता सांगता देवाचा धावा करत होतो की वीज जावी. उल्हासनगरची वीज, पण त्या दिवशी गेली नाही.

सावली पडली. पुढची अकरा मिनिटं आली. इन्स्पेक्टर चालत चालत ड्रायव्हरपाशी गेला, थांबला, आणि त्याला ओलांडून डॉक्टरपाशी गेला. "डॉक्टरला पकडलं, दादा," मी कानात म्हणालो. दादांचा हात माझ्या मनगटावर होता. तो तसाच राहिला.

पडदे उघडले. कोणी टाळ्या वाजवेना. वकील भाऊ छताकडे बघत होते. हर्षाचं तोंड रडवेलं झालं होतं. दादा समोर बघत शांतपणे म्हणाले, "कॅसेटवाले, तूने तो पूरी देखी थी ना?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. प्रिंट बदललीय, हे सांगता आलं असतं. तयारीही करून गेलो होतो. पण पस्तीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने मला उजेड आणि अंधार बघायला शिकवलं, त्याच्या शेजारी बसून मला अजून एक पाऊल मागे सरकवेना.

"नाही दादा," मी उभा राहून म्हणालो. "मी शेवट पाहिलाच नव्हता. मी बघायच्या आधीच त्यावर हळद लागली. तुम्ही ड्रायव्हर म्हणालात म्हणून मी ड्रायव्हर म्हणालो. मी खोटं बोललो. मला माफ करा."

कोणीतरी खुसखुसलं आणि गप्प झालं. मला भयंकर लाज वाटत होती, आणि त्याच वेळी खांद्यावरून गोणी उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं. दादांनी शेजारची काठी चाचपून हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "आखिर में ड्रायवर के बटन का कुछ बताया?"

"नाही."

"डॉक्टर का कोट?"

"डबल ब्रेस्ट. सहाच्या सहा आहेत. मी मोजली."

दादांनी काठी टेकली आणि उठून सगळ्या हॉलकडे तोंड केलं. त्यांचा चेहरा खिडकीच्या उजेडात होता, पूर्ण.

"सुना? डॉक्टर के छे के छे बटन जगह पे हैं. और ड्रायवर के तीसरे बटन का कोई जवाब ही नहीं! पुलिस ने गलत आदमी पकड़ा." त्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "और ये! इसने आखिर देखा ही नहीं था, फिर भी इसको मालूम था. मेरे को भी मालूम था. बस, जिसने पिक्चर बनाई उसको मालूम नहीं पड़ा!"

पहिल्यांदा वकील भाऊ हसले. नुसते हसले नाहीत, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, ये केस तो अपील में जानी चाहिए." मग हॉलमध्ये जो गलका झाला तो झाला. पोरं 'ड्रायवर को पकड़ो' म्हणून नाचायला लागली. हर्षाने मला येऊन सांगितलं की काका, मैं तो मर गई थी. मी तिला म्हणालो की मीही.

निघताना दादांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला उठवून छातीशी धरलं. सोडताना सवयीने त्यांची बोटं माझ्या शर्टाच्या पट्टीवरून खाली उतरली. पहिलं बटण, दुसरं, आणि मग थांबली. एक बटण दोन बोटांत धरून त्यांनी फिरवलं, नखाने वाजवून पाहिलं.

"ये अलग है."

"हो दादा. सकाळी तुटलं. शैलाने घाईत लावलं."

"तीसरा," दादा म्हणाले, आणि हसता हसता त्यांचे डोळे पाणावले. "अरे, पैंतीस साल मैं ड्रायवर के पीछे पड़ा रहा, और तू मेरे सामने खड़ा था!" त्यांनी ते बटण सोडलं नाही. "कल दुकान पे आ. जोड़ का लगा के देता हूँ."

दुसऱ्या दिवशी मी तोच शर्ट घालून गेलो.